एका मताने तरलेले संघराज्य : फिलाडेल्फिया, १७८७

नवे राष्ट्र उभे राहते तेव्हा त्याच्या विधिमंडळात कोणाला किती जागा असाव्यात, हा प्रश्न वरवर पाहता साध्या हिशेबाचा वाटतो. माणसे मोजावीत, जागा वाटाव्यात आणि मोकळे व्हावे. परंतु ते राष्ट्र जर अगोदरपासून नांदत असलेल्या लहानमोठ्या राज्यांनी एकत्र येऊन घडत असेल, तर हाच प्रश्न जीवनमरणाचा होऊन बसतो. माणसे मोजली तर लहान राज्य बुडते. राज्ये मोजली तर मोठ्या राज्यातील माणसाचे मोल लहान राज्यातील माणसाहून कमी ठरते. दोन्ही बाजूंची तक्रार खरी असते आणि म्हणूनच भांडण विकोपाला जाते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १७८७ साली हा पेच सुमारे सात आठवडे चालू होता. त्या अवधीत घटना परिषद मोडण्याच्या बेतात आली होती, आणि अखेर तिढा सुटला तो एका मताच्या फरकाने. शाळेच्या पाठ्यपुस्तकात या साऱ्याचे एकच वाक्य उरते : ‘कनिष्ठ सभागृहात लोकसंख्येच्या प्रमाणात जागा व सेनेटमध्ये प्रत्येक राज्यास समान जागा.’ हे वाक्य पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला वाटते की, कोणा शहाण्या माणसांनी शांतपणे विचार करून ही सुबक योजना शोधून काढली असावी. वस्तुस्थिती तशी नाही. ही योजना अगतिकतेतून जन्मास आली, तिच्या जनकांपैकी अनेकांना ती मनापासून नापसंत होती, आणि तिची किंमत कोणी भरली हे पाहिल्याविना तिचे मोल करता येत नाही. प्रस्तुत लेखात हीच कथा क्रमाने मांडण्याचा प्रयत्न आहे.

जुना करार आणि त्याचे दौर्बल्य

इंग्लंडशी लढा सुरू झाला तेव्हा अमेरिकेत तेरा वसाहती होत्या. १७७४ साली त्यांचे प्रतिनिधी प्रथम एकत्र जमले, तेव्हाच मते कशी मोजावीत हा वाद निघाला. त्या वेळी कोणत्या वसाहतीत किती लोक राहतात, याची खात्रीलायक मोजदाद उपलब्ध नव्हती. म्हणून तूर्त प्रत्येक वसाहतीस एक मत असावे, असे ठरले. ‘तूर्त’ म्हणून केलेली व्यवस्था हळूहळू हक्क बनते, हा सार्वत्रिक अनुभव येथेही आला. १७७७ साली तयार झालेल्या व १७८१ साली अमलात आलेल्या महासंघाच्या करारात तीच पद्धत कायम राहिली. एखादे राज्य दोन प्रतिनिधी पाठवो की सात, मत एकच.

हा महासंघ नावापुरताच होता. त्याला कर बसविण्याचा अधिकार नव्हता. राज्यांकडे पैसे मागावयाचे आणि ती देतील तेवढे घ्यावयाचे, एवढेच त्याच्या हाती होते. करारात दुरुस्ती करावयाची तर तेराही राज्यांची संमती लागे. १७८१ साली परदेशी मालावर पाच टक्के जकात बसविण्याची सूचना पुढे आली. ती पुढील वर्षी ऱ्होड आयलंड या सर्वांत छोट्या राज्याने नाकारली आणि योजना कोसळली. युद्धाचे कर्ज थकले, सैनिकांचे पगार राहिले. १७८६ साली मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांनी बंड पुकारले, तेव्हा ते शमविण्यास महासंघापाशी ना पैसा होता ना फौज. राज्यकारभाराची ही दैना पाहून १७८७ च्या मे महिन्यात फिलाडेल्फिया येथे परिषद बोलाविण्यात आली. जाहीर हेतू होता जुन्या कराराची डागडुजी. मॅडिसन आदी पुढाऱ्यांच्या मनात मात्र नवी इमारत होती.

परिषदेस बारा राज्यांचे मिळून पंचावन्न प्रतिनिधी वेळोवेळी उपस्थित राहिले. ऱ्होड आयलंडने कोणासही पाठविले नाही. अध्यक्षस्थानी जॉर्ज वॉशिंग्टन होते. एक्याऐंशी वर्षांचे बेंजामिन फ्रँकलिन हे सर्वांत वृद्ध सभासद होते. कामकाज गुप्त ठेवण्याचा नियम झाला. आतील वादविवाद आज आपल्याला तपशीलवार माहीत आहेत याचे श्रेय मुख्यतः व्हर्जिनियाच्या जेम्स मॅडिसन यांना द्यावे लागेल. छत्तीस वर्षांच्या या गृहस्थाने रोज पुढे बसून टिपणे घेतली. ती त्यांच्या मृत्यूनंतर, १८४० साली प्रसिद्ध झाली.

आरंभीच एक गोष्ट घडली, ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. परिषद भरण्यापूर्वी पेनसिल्व्हेनियाच्या काही प्रतिनिधींनी सुचविले की, मोठ्या राज्यांनी एकजूट करून लहान राज्यांना परिषदेतच समान मत नाकारावे. व्हर्जिनियाच्या प्रतिनिधींनी त्यांना आवरले. तसे केल्यास लहान राज्ये प्रारंभीच उठून जातील, त्यापेक्षा चर्चेच्या ओघात त्यांचे मन वळविणे सोपे, असा त्यांचा हिशेब होता. त्यामुळे परिषदेत प्रत्येक राज्यास एक मत राहिले. म्हणजे समान मत असावे की नसावे, हा प्रश्न समान मतांनीच सुटावयाचा होता. मोठ्या राज्यांच्या पराभवाचे बीज याच निर्णयात पेरले गेले.

दोन योजना

२९ मे रोजी व्हर्जिनियाचे गव्हर्नर एडमंड रँडॉल्फ यांनी पंधरा ठराव मांडले. त्यामागील विचार प्रामुख्याने मॅडिसन यांचा होता. विधिमंडळाची दोन सभागृहे असावीत; पहिले लोकांनी निवडावे, दुसरे पहिल्याने निवडावे; आणि दोहोंतही प्रतिनिधित्व लोकसंख्येच्या किंवा कराच्या प्रमाणात असावे, असा त्याचा मथितार्थ. केंद्राचे कायदे राज्यांवर न लादता थेट नागरिकांवर लागू व्हावयाचे होते. मॅडिसन यांचा युक्तिवाद सरळ होता : सरकार जर माणसांवर राज्य करणार, तर ते माणसांचेच प्रतिनिधी असावे.

युक्तिवाद सरळ असला तरी आकडे लहान राज्यांची झोप उडविणारे होते. १७९० साली पहिली जनगणना झाली. तीनुसार व्हर्जिनियाची लोकसंख्या सुमारे साडेसात लाख, तर डेलावेअरची एकोणसाठ हजार भरली. म्हणजे बारा पटींहून अधिक अंतर. व्हर्जिनिया, पेनसिल्व्हेनिया व मॅसॅच्युसेट्स या तिघांत मिळून देशाची सुमारे चाळीस टक्के वस्ती होती. तिघांनी हात मिळविले तर बाकीच्यांनी काय करावयाचे? डेलावेअरच्या विधिमंडळाने तर आपल्या प्रतिनिधींच्या अधिकारपत्रातच लिहून ठेवले होते की, एका राज्यास एक मत या तत्त्वास धक्का लावू देऊ नये. हे कलम घालण्याची सूचना त्या राज्याचे ज्येष्ठ प्रतिनिधी जॉर्ज रीड यांचीच होती. व्हर्जिनियाचा प्रस्ताव पुढे येताच रीड यांनी ते अधिकारपत्र दाखविले व असा निर्णय झाल्यास आपणास परिषद सोडावी लागेल असे बजावले.

९ जून रोजी न्यू जर्सीचे डेव्हिड ब्रिअर्ली व विल्यम पॅटरसन उभे राहिले. ब्रिअर्ली यांनी खोचक तोडगा सुचविला : माणसांची समानता हवीच असेल तर नकाशा पसरा, सर्व राज्यांच्या सीमा पुसून टाका आणि भूमीचे तेरा सारखे भाग पाडा. मोठ्या राज्यांना अर्थातच हे नको होते. राज्य म्हणून मिळणारे लाभ सोडण्याची त्यांचीही तयारी नव्हती. पॅटरसन यांनी तर स्पष्ट सांगितले की, या योजनेखाली नांदण्यापेक्षा एखाद्या राजाची सत्ता पत्करलेली बरी. त्यावर पेनसिल्व्हेनियाचे जेम्स विल्सन यांनी प्रतिप्रश्न केला : पेनसिल्व्हेनियाचे दीडशे नागरिक न्यू जर्सीच्या पन्नास नागरिकांच्या बरोबर धरावयाचे काय? माणूस नदीच्या अलीकडे राहतो की पलीकडे, यावर त्याचे वजन ठरावे काय?

हा भाग वर्गात शिकविताना विद्यार्थी हमखास विचारतात, ‘मग दोघांत बरोबर कोण?’ दोन्ही प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे शोधू जाता असे दिसते की, विल्सन यांच्या प्रश्नाला पॅटरसन यांच्यापाशी उत्तर नव्हते, आणि पॅटरसन यांच्या भीतीला विल्सन यांच्यापाशी उपाय नव्हता.

१५ जून रोजी पॅटरसन यांनी आपली पर्यायी योजना मांडली. एकच सभागृह, प्रत्येक राज्यास एक मत, मात्र महासंघाला कर व व्यापारविषयक काही नवे अधिकार, असे तिचे स्वरूप होते. चार दिवसांनी ती सात विरुद्ध तीन मतांनी मागे पडली. मेरीलँडचे प्रतिनिधी आपसांत विभागले गेल्याने त्या राज्याचे मत धरले गेले नाही. मोठी राज्ये जिंकली असे वाटले. प्रत्यक्षात खरी झुंज आता सुरू व्हावयाची होती.

कनेक्टिकटचा मध्यम मार्ग

कनेक्टिकट हे ना फार मोठे ना फार लहान असे राज्य. त्याचे प्रतिनिधी रॉजर शर्मन हे सहासष्ट वर्षांचे, बोलण्यात ओबडधोबड पण व्यवहारात चतुर गृहस्थ होते. तरुणपणी जोडे शिवण्याचा धंदा केलेल्या या माणसाने पुढे स्वातंत्र्याचा जाहीरनामा, महासंघाचा करार व नवी राज्यघटना या तिन्हींवर स्वाक्षरी केली. ११ जून रोजीच त्यांनी सुचविले होते की, एका सभागृहात माणसे मोजावीत आणि दुसऱ्यात राज्ये मोजावीत. दुसऱ्या सभागृहात समान मत असावे, ही त्यांची सूचना त्या दिवशी सहा विरुद्ध पाच मतांनी फेटाळली गेली.

जूनच्या अखेरीस वातावरण इतके तापले की, फ्रँकलिन यांनी रोजच्या कामकाजाचा आरंभ प्रार्थनेने करावा अशी सूचना केली. पुरोहिताला देण्यास परिषदेपाशी पैसे नाहीत, असे एका सभासदाने उत्तर दिले आणि सूचना तशीच राहिली. २९ जून रोजी कनिष्ठ सभागृहात लोकसंख्येच्या प्रमाणात प्रतिनिधित्व, हे तत्त्व कायम झाले. त्याच दिवशी कनेक्टिकटचे ऑलिव्हर एल्सवर्थ यांनी दुसऱ्या सभागृहात समान मताचा ठराव पुन्हा मांडला. ३० जूनला डेलावेअरचे गनिंग बेडफर्ड यांचा संयम सुटला. मोठ्या राज्यांच्या प्रतिनिधींकडे वळून ते म्हणाले की, आमचा तुमच्यावर विश्वास नाही. तुम्ही महासंघ मोडलात तर लहान राज्ये अधिक प्रामाणिक अशा एखाद्या परकीय मित्राचा हात धरतील. इंग्लंडच्या जोखडातून सुटून पुरती पाच वर्षेही लोटली नव्हती; अशा वेळी परकीयाचा हात धरण्याची भाषा किती भयंकर वाटली असेल, याची कल्पना करावी. त्याच दिवशी फ्रँकलिन यांनी सुताराचा दाखला दिला. रुंद मेज करावयाचे असून दोन फळ्यांच्या कडा जुळत नसतील, तर चांगला सुतार दोन्हींकडून थोडे थोडे तासतो आणि सांधा बसवितो.

सोमवार, २ जुलै रोजी एल्सवर्थ यांच्या ठरावावर मतदान झाले. प्रथा अशी की, उत्तरेकडील राज्यांपासून नावे पुकारीत दक्षिणेकडे जावयाचे. मेरीलँडचे नाव आले तेव्हा त्या राज्याचे दुसरे प्रतिनिधी डॅनियल जेनिफर जागेवर नव्हते. ते असते तर त्यांच्या विरोधामुळे मेरीलँडचे मत बाद झाले असते. ते नसल्याने ल्यूथर मार्टिन यांनी एकट्यानेच राज्याचे मत ठरावाच्या बाजूने टाकले. जेनिफर थोड्याच वेळात येऊन बसले, पण वेळ टळली होती. आता गणित पाच विरुद्ध पाच असे झाले आणि उरले शेवटचे जॉर्जिया. ते राज्य आजवर मोठ्या राज्यांच्या बाजूने होते. त्याच्या दोन उपस्थित प्रतिनिधींपैकी विल्यम ह्यूस्टन यांनी विरुद्ध मत दिले; अब्राहम बाल्डविन यांनी मात्र अनपेक्षितपणे अनुकूल मत दिले. जॉर्जियाचे मत दुभंगले आणि ठराव बरोबरीत अडकला. बाल्डविन मूळचे कनेक्टिकटचे. समान मताचे तत्त्व त्यांना पटले होते असे नव्हे. ते मिळाले नाही तर लहान राज्ये घरी जातील व परिषद संपेल या भयाने त्यांनी तसे केले, असे ल्यूथर मार्टिन यांनी पुढे लिहून ठेवले आहे.

कोंडी फोडण्यासाठी प्रत्येक राज्याचा एक याप्रमाणे समिती नेमली गेली. अध्यक्ष मॅसॅच्युसेट्सचे एल्ब्रिज गेरी. तीत बेडफर्ड, पॅटरसन, मार्टिन, बाल्डविन, फ्रँकलिन व शर्मन हे होते. मॅडिसन व विल्सन यांना मात्र निवडले गेले नाही. समितीची नावे वाचताच तिचा निकाल काय येणार हे ओळखता आले असते. ५ जुलै रोजी अहवाल आला : कनिष्ठ सभागृहात चाळीस हजार वस्तीमागे एक सभासद, वरिष्ठ सभागृहात प्रत्येक राज्यास समान मत, आणि त्याच्या मोबदल्यात पैशाची विधेयके कनिष्ठ सभागृहातच मांडली जावीत, वरिष्ठाने त्यांत फेरफार करू नये. मॅडिसन व विल्सन यांच्या मते हा मोबदला कवडीमोलाचा होता. पुढे सेनेटला अशा विधेयकांत दुरुस्ती सुचविण्याचा अधिकार मिळालाच.

१६ जुलैचा निर्णय

पुढील दहा-बारा दिवसांत परिषदेतील बळाबळ बदलले. न्यू यॉर्कचे दोन प्रतिनिधी, येट्स व लॅन्सिंग, केंद्राला प्रबळ करण्याचा हा सारा बेतच अमान्य असल्यामुळे १० जुलैच्या सुमारास घरी निघून गेले. त्यामुळे न्यू यॉर्कचे मत उरले नाही. न्यू हॅम्पशरचे प्रतिनिधी अद्याप पोहोचलेच नव्हते. ते २३ जुलैस आले. १६ जुलैच्या सकाळी संपूर्ण तडजोडीवर मतदान झाले ते दहा राज्यांचे. कनेक्टिकट, न्यू जर्सी, डेलावेअर, मेरीलँड व नॉर्थ कॅरोलिना अनुकूल; पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, साउथ कॅरोलिना व जॉर्जिया प्रतिकूल. मॅसॅच्युसेट्सचे चार प्रतिनिधी दोन-दोन असे विभागले गेले. पाच विरुद्ध चार. गेरी आणि त्यांचे सहकारी कॅलेब स्ट्राँग यांनी आपल्या मोठ्या राज्याच्या स्वार्थाविरुद्ध मत दिले, आणि २ जुलैस विरोधात असलेल्या नॉर्थ कॅरोलिनाने बाजू बदलली, म्हणून हा निकाल लागला. यांपैकी एक जरी गोष्ट घडली नसती तरी ठराव पडला असता.

मोठ्या राज्यांना धक्का बसला. रँडॉल्फ यांनी विचारासाठी सभा तहकूब करण्याची भाषा केली. तेव्हा पॅटरसन ताडकन म्हणाले की, तहकूबच करावयाची असेल तर कायमची करा, मी आनंदाने अनुमोदन देतो. रँडॉल्फ यांना एका दिवसाचीच तहकुबी हवी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या राज्यांचे प्रतिनिधी अनौपचारिकपणे जमले. लहान राज्यांना वगळून स्वतंत्र योजना करावी, असे काहींचे मत होते. अपुरी का होईना पण सर्वांची एकच घटना असावी, असे इतरांचे. एकमत झाले नाही. बैठक उठली, सर्वजण सभागृहात गेले आणि काम पुढे चालू झाले. अमेरिकन संघराज्य वाचले ते याच सकाळी, आणि तेही कोणी काही न ठरविल्यामुळे!

२३ जुलै रोजी प्रत्येक राज्याचे दोन सेनेटर असावेत व त्यांनी स्वतंत्रपणे मत द्यावे असे ठरले. ही छोटीशी दिसणारी गोष्ट महत्त्वाची आहे. जुन्या करारात राज्य एक मुखाने बोलत असे. आता एकाच राज्याचे दोन सेनेटर परस्परविरुद्ध मत देऊ शकत होते. समानता राज्याला मिळाली, पण मत माणसाचे झाले. पहिल्या कनिष्ठ सभागृहाच्या पासष्ट जागांपैकी व्हर्जिनियाला दहा, पेनसिल्व्हेनिया व मॅसॅच्युसेट्सला प्रत्येकी आठ, डेलावेअर व ऱ्होड आयलंडला प्रत्येकी एक जागा आली. दर दहा वर्षांनी जनगणना करून या जागा नव्याने वाटाव्यात, असेही घटनेत घातले गेले.

तडजोडीचा परिणाम संमतीच्या वेळी दिसला. अधिकारपत्र दाखवून उठून जाण्याची धमकी देणाऱ्या डेलावेअरने ७ डिसेंबर १७८७ रोजी सर्वांच्या आधी आणि एकमताने घटना स्वीकारली. न्यू जर्सीनेही त्याच महिन्यात एकमताने संमती दिली. व्हर्जिनियात मात्र ८९ विरुद्ध ७९ असा निसटता कौल मिळाला. ज्यांना भीती होती त्यांची भीती गेली होती.

तराजूत न बसलेले

आतापर्यंत ‘लहान’ व ‘मोठी’ राज्ये असे शब्द वापरले. परंतु मतांची यादी बारकाईने पाहणाऱ्याला शंका येईल. जॉर्जियाची वस्ती अगदी थोडी असूनही ते मोठ्यांच्या बाजूने का? साउथ कॅरोलिना का? दक्षिणेकडे मोकळी जमीन अफाट होती, लोक तिकडेच वाढतील आणि उद्या आपणच मोठे होऊ, असा त्या राज्यांचा होरा होता. या राज्यांच्या शेतीचा पाया होता गुलामांचे श्रम. ३० जून रोजी मॅडिसन यांनीच सांगून टाकले होते की, खरी दुफळी लहान-मोठ्यांची नसून गुलाम बाळगणाऱ्या व न बाळगणाऱ्या राज्यांची, म्हणजे दक्षिणेची व उत्तरेची आहे.

माणसे मोजावयाची म्हटल्यावर गुलाम मोजावयाचे की नाही, हा प्रश्न टळणारा नव्हता. साउथ कॅरोलिनाचे म्हणणे, त्यांना पूर्ण मोजा. पॅटरसन यांनी ९ जुलै रोजी विचारले की, ज्या गुलामांना त्यांच्या स्वतःच्या राज्यात प्रतिनिधित्व नाही, त्यांच्या नावाने केंद्रात जागा कशा मागता? नॉर्थ कॅरोलिनाचे डेव्ही यांनी बजावले की, निदान तीन-पंचमांश गणना नसेल तर आमचे राज्य संघात येणारच नाही. अखेर पाच गुलाम म्हणजे तीन माणसे, असा हिशेब मान्य झाला आणि तोच १६ जुलैच्या ठरावात गुंफला गेला. १७९० च्या जनगणनेत एकोणचाळीस लाखांच्या देशात सुमारे सात लाख गुलाम होते. त्यांच्या संख्येने धन्यांच्या जागा वाढल्या. त्यांना स्वतःला ना मत मिळाले, ना जागा, ना कोणी विचारले. लहान-थोर राज्यांचा तराजू समतोल झाला, त्यातील एक वजन माणसांच्या पाठीचे होते.

त्याच शहरात आणखी एक गट प्रतिनिधित्वापासून वंचित होता. पेनसिल्व्हेनियाच्या १७७६ च्या राज्यघटनेनुसार विधानसभेच्या सभासदास ‘नवा करार’ ईश्वरप्रेरित असल्याची ग्वाही द्यावी लागे. त्यामुळे यहुदी नागरिकास तेथे बसता येत नसे. ७ सप्टेंबर १७८७ रोजी फिलाडेल्फियाचे यहुदी व्यापारी जोनास फिलिप्स यांनी घटना परिषदेस पत्र लिहून, स्वातंत्र्ययुद्धात यहुद्यांनीही रक्त सांडले आहे याची आठवण दिली व ही अट दूर करण्याची विनंती केली. कामकाज गुप्त असल्याने त्यांना ठाऊक नव्हते की, केंद्रातील कोणत्याही पदासाठी धर्माची अट नसावी, हे कलम परिषदेने ३० ऑगस्ट रोजीच मान्य केले होते. पेनसिल्व्हेनियाने आपली अट १७९० साली बदलली. गुलामांना इतके थोडे थांबून भागले नाही. त्यांची मुक्तता १८६५ साली झाली व तीन-पंचमांशाचा हिशेब १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने पुसला गेला. मध्ये भीषण यादवी युद्ध होऊन गेले होते. त्या युद्धापूर्वी अनेक दशके सेनेटमधील समानता हाच दक्षिणेचा बुरूज होता. १८२० साली मिसुरी हे गुलामगिरीचे राज्य संघात घेण्याच्या सौद्यात मेन हे मुक्त राज्यही घेतले गेले, ते दोन्ही पक्षांची सेनेटमधील बरोबरी ढळू नये म्हणूनच.

सील केलेले कलम

परिषद संपावयास दोन दिवस उरले असता, १५ सप्टेंबर रोजी, लहान राज्यांनी आणखी एक गोष्ट पदरात पाडून घेतली. कोणत्याही राज्याचे सेनेटमधील समान मत त्या राज्याच्या संमतीविना काढून घेता येणार नाही, असे घटनादुरुस्तीच्या कलमात घातले गेले. परिणामी, कनिष्ठ सभागृह दर दहा वर्षांनी लोकसंख्येबरोबर हलते. सेनेट मात्र जागच्या जागी राहते. सेनेटरांची निवड १९१३ पर्यंत राज्यांची विधिमंडळे करीत, पुढे ती थेट लोकांकडे आली. परंतु संख्येतील समानता तशीच राहिली. १७९० साली सर्वांत मोठ्या व सर्वांत छोट्या राज्यांत बारा-तेरा पटींचे अंतर होते. २०२० च्या जनगणनेत कॅलिफोर्निया सुमारे तीन कोटी पंचाण्णव लाखांचे व वायोमिंग पावणेसहा लाखांचे, म्हणजे अंतर अडुसष्ट पटींचे झाले. सेनेटर दोघांचेही दोनच.

इतर देशांनी या अनुभवाकडे पाहूनच आपापले मार्ग निवडले. भारताच्या घटना समितीने दोन सभागृहे घेतली, पण राज्यांची समानता घेतली नाही. राज्यसभेसाठी पहिल्या पन्नास लाखांपर्यंत दर दहा लाखांमागे एक व त्यापुढे दर वीस लाखांमागे एक, असे चढत्या संख्येला थोडा लगाम घालणारे सूत्र तिने धरले. म्हणून महाराष्ट्राच्या राज्यसभेत एकोणीस जागा, गोव्याची एक. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्येतील अंतर सत्याहत्तर पटींचे. जागांतील एकोणीस पटींचे. लहानाला थोडे झुकते माप मिळाले, बरोबरी नाही. इस्रायलमध्ये घटक राज्येच नाहीत. १९४९ साली पहिली निवडणूक झाली तेव्हापासून सारा देश हाच एक मतदारसंघ व क्नेसेटच्या १२० जागा पक्षांना मतांच्या प्रमाणात, अशी रीत आहे. तेथे भांडण असते ते राज्याराज्यांचे नव्हे, पक्षापक्षांचे.

मग फिलाडेल्फियाच्या तडजोडीचे मूल्यमापन कसे करावे? १७८८ साली घटनेचे समर्थन करताना मॅडिसन यांनी समान मताला तत्त्वाचा आधार शोधला नाही. हे दोन अनिष्टांतील कमी अनिष्ट होय, एवढेच ते म्हणाले. या प्रामाणिक कबुलीतच खरा धडा आहे. विल्सन यांना माणूस दिसत होता, पॅटरसन यांना राज्य दिसत होते, आणि दोघांच्या सत्याला एकेक सभागृह देऊन राष्ट्र उभे राहिले. त्यावाचून ते उभे राहिले नसते, हे त्या सात आठवड्यांचा वृत्तान्त वाचणाऱ्यास मान्य करावे लागते. परंतु जनगणनेचे कलम लिहिणाऱ्यांना उद्या लोक वाढतील, हलतील हे कळत होते. समान मताचे कलम लिहिणाऱ्यांनी त्या दिवसाची भीती कायमची कोरून ठेवली. संकटात केलेल्या सौद्याला दहा वर्षांनी पुन्हा तपासण्याची वाट ठेवणे आणि त्याला कायमचे कुलूप घालणे, या दोहोंतील फरक एकाच घटनेच्या दोन सभागृहांत आजही शेजारी शेजारी पाहावयास मिळतो.